काठवटीतला पहिला घाव

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी निम्म्यांना काठवट म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, पण त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. एका अखंड लाकडातून कोरलेली, पसरट आणि खोलगट, परातीची थोरली बहीण समजा. माझ्या बाकीच्या बहिणी पीठ मळून घेतात. मी मात्र जन्मभर वांग्याचं भरीत ठेचून घेतलं. पाठीवर इतके घाव सोसले, पण एका घावाचं दुःख अजून जात नाही. तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म सातपुड्यात, मोलगीच्या वरच्या डोंगरातला. तिथल्या एका म्हाताऱ्याने मला तासलं, कोरलं आणि डोक्यावर घेऊन मोलगीच्या बाजारात आणलं. तापीकाठच्या एका गावाहून आलेल्या शांतीबाईंनी मला पाहिलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि पसंत केलं. घरी आल्यावर त्यांनी आधी मला पोटभर तेल चोळलं. "लाकूडबी जीवच शे, त्याले कोरडं ठेवू नये," असं त्या म्हणायच्या. काय सांगू, असं कौतुक डोंगरातही कुणी केलं नव्हतं!

शांतीबाईंना एकच लेक, मोहिनी. शहाद्याच्या कॉलेजात शिकणारी, हुशार पोर. शेवटचं वर्ष सुरू झालं आणि वडिलांना, गिरधरभाऊंना, लकवा मारला. शेत कोण बघणार, अंथरुणावरच्या माणसाला कोण उठवणार? मोहिनीने पुस्तकं फडताळात ठेवली आणि पदर खोचला. परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे गिरधरभाऊ गेले. माय आणि लेक दोघीच उरल्या.

मोहिनीच्याच वर्गात भाग्येश नावाचा मुलगा होता. तो नोकरीला सुरतेत गेला. तिथे त्याला नंदुरबार, तळोदा, नवापूर, धडगाव अशा कुठल्या कुठल्या कॉलेजांतली आपल्याकडची मुलं भेटली. त्या सगळ्यांना जोडून त्याने माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ काढलं. वर्षातून एकदा गावाकडे जमायचं ठरलं. पण जमायचं कुठे? भाग्येशने कॉलेजात असताना शांतीबाईंच्या हातचं भरपूर खाल्लं होतं. तो थेट आला आणि म्हणाला, "मावशी, डिसेंबरचा शेवटचा रविवार. तुमच्या शेतात भरीत करायचं."

पहिल्याच वर्षी काय तो गोंधळ! प्रत्येकाने आपापल्या गावची वांगी आणली होती आणि आपलं कॉलेज भारी म्हणून भांडण मांडलं होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती आणि हे शहाणे एकमेकांवर तडकत होते. शेवटी शांतीबाई कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "अरे, कॉलेज कोनतंबी ऱ्हावो, वांगं ते आपलंच शे ना?" आणि सगळ्यांची वांगी त्यांनी माझ्यात एकत्र ओतली. भांडण मिटलं. कुठलं वांगं कुणाच्या गावचं हे मलाही कळेना.

त्याच दिवशी एक रीत पडली. त्या वर्षी जो नवा पदवीधर झाला असेल, त्याने मुसळीचा पहिला घाव मारायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. तो पहिला मान मोलगीकडच्या जामसिंगला मिळाला. मला कोरणाऱ्या म्हाताऱ्याचाच तो मुलगा. त्याच्या पाड्यात त्याच्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्याची आई जीपमधून आली होती. मुलाने घाव मारला आणि सगळ्या शेताने टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या माउलीने पदर तोंडात धरला आणि ती घळाघळा रडली.

शांतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं. तिथे मोहिनी पाहुण्यांसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. त्या दिवसापासून शांतीबाईंना एकच ध्यास लागला. आपल्या पोरीने सगळ्यांसमोर तो घाव मारावा आणि आपण तो डोळे भरून बघावा.

दरवर्षी मंडळ यायचं. पुढे त्यांच्या बायका आल्या, पोरं आली, गाड्या आल्या. भरीत ठेचून झालं की मोहिनी बोटाच्या टोकावर थोडंसं घ्यायची आणि मागे न बघताच म्हणायची, "माय, मीठ देखी ले." शांतीबाई चाखायच्या. "लागी गयं," असं त्या म्हणाल्या की मगच पंगत बसायची. कितीही मोठा साहेब असो, त्या शब्दाआधी कुणी घास घेत नसे.

आणि एका वर्षी मोहिनी बी.ए. झाली! दिवसा शेत सांभाळून, मुक्त विद्यापीठातून, केसांत पांढरी बट घेऊन. शांतीबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मंडळाला मात्र कळवू दिलं नाही. "त्या दिनले सगळास्ना समोर मीच सांगसू," असा त्यांचा हट्ट. डिसेंबर उजाडताच त्यांनी मला दोनदा तेल लावलं. मुसळीला हळदकुंकू लावलं. मीही, काय लपवू, नव्या नवरीसारखी फुगून बसले होते.

तो रविवार आला. पहाटेच जाळ पेटला. शांतीबाई नवं लुगडं नेसल्या. मोहिनीने वांगी भाजली, सोलली आणि माझ्यात ठेवली. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं तयार होतं. दोघी रस्त्याकडे डोळे लावून बसल्या. उसाची एक गाडी गेली. दुधवाला गेला. दुपार झाली. वांगी माझ्यात थंड होत गेली.

"येतीन, येतीन. दूरनी वाट शे," शांतीबाई म्हणत होत्या. मोहिनीने भाग्येशला फोन लावला. त्याने उचलला नाही. उन्हं कलल्यावर त्याचाच फोन आला. पलीकडे गाण्यांचा गलका चालला होता.

"अगं मोहिनी, आम्ही सुरतेतच जमलोय. हॉल घेतलाय यंदा. पोरांना तिकडची धूळ सोसत नाही. ग्रुपवर टाकलं होतं ना!"

"भाऊ, मी ग्रुपमा नही," मोहिनी म्हणाली.

मित्रांनो, त्या ग्रुपवर फक्त पदवीधर होते. कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं, फक्त जिच्या शेतात जमायचे तिला सोडून. तिला दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग येतो. राग काढायचा तरी कुणावर?

मोहिनीने फोन ठेवला आणि मुसळी उचलली. "माय, तू शे ना? तुन्हासमोर मारस. मले दुसरं कोनी नको."

शांतीबाईंनी तिचा हात धरला. "नको बेटा. एकली माय देखी ते काय देखं? चार लोके देखतीन, टाळ्या वाजतीन, तवय मार. पुढला साल येतीनच ना." असं म्हणून त्यांनी ती थंड वांगी शेजारीपाजारी वाटून टाकली आणि मला धुऊन पुसून ठेवलं. मी लाकडाची, मला बोलता येत नाही. नाहीतर ओरडले असते, मारू दे गं, आत्ताच मारू दे!

चैत्र सरता सरता शांतीबाईंना ताप भरला. निमित्तच झालं. मोहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून त्या गेल्या.

तो सगळा उन्हाळा मी गोठ्याच्या कोपऱ्यात पालथी पडून होते. मला तेल लावायची मोहिनीला शुद्ध नव्हती. तिला तरी कोण काय म्हणणार? माझ्या अंगाला एक लांब चीर गेली. ती चीर दुखली नाही. कोरडं राहायचं दुःख वेगळंच असतं.

पुढच्या डिसेंबरात सगळं मंडळ आलं. शांतीबाई गेल्याचं आणि मोहिनी बी.ए. झाल्याचं एव्हाना त्यांना गावातून कळलं होतं. इतकी माणसं त्या शेताने कधी पाहिली नव्हती. भाग्येश हात जोडून उभा राहिला. जामसिंगने मला गोठ्यातून आणलं, माझी चीर बघितली आणि आपल्या हाताने मला तेल चोळलं. मग सगळ्यांनी मोहिनीला पुढे केलं. तिने मुसळी उचलली आणि पहिला घाव मारला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बांधावरच्या पिंपळातली पाखरं उडाली. मोहिनीने मान वर केली नाही. ती खाली बघून ठेचत राहिली, ठेचत राहिली.

भरीत झालं. तिने बोटाच्या टोकावर थोडंसं घेतलं आणि नेहमीसारखी मागे न बघताच म्हणाली, "माय, मीठ देखी ले."

मागे चाखायला कुणी नव्हतं. तिचं बोट तसंच हवेत राहिलं. मग जामसिंग हळूच पुढे झाला, त्याने तिचा हात खाली घेतला, आणि ती त्याच्या खांद्यावर कोसळून रडली. त्या दिवशी भरीत अळणी झालं होतं. सगळ्यांनी ते खाल्लं, पण मीठ कुणी मागितलं नाही.

मित्रांनो, माझी चीर आता बुजायची नाही. तुम्ही मात्र लाकडाला तेल लावत जा, ते कोरडं पडू देऊ नका. कार्यक्रम हलवलात, तर चूल पेटवणारीला सगळ्यांत आधी कळवा. आणि तुमच्या घरात मीठ चाखून सांगणारं कुणी असेल, तर त्याला जे दाखवायचं ते आजच दाखवा. चार माणसं जमायची वाट बघू नका.