फळ्यावरचे सातवे नाव

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. कल्पना करा, की सारे गाव तुमचे अंग वाचणार आहे आणि त्यावरचे एक अक्षरही तुम्हाला बदलता येत नाही. भीती वाटली ना? ती भीती घेऊनच मी उभा असे.

मी एक जुना फळा आहे. इंझोरीच्या सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. दर शनिवारी मुले बॅटरीच्या जुन्या सेलची काळी पूड आणि पानांचा रस चोळून मला नवा करत. मग शालिग्राम गुरुजी मला थोपटून म्हणत, "आता कसा नवरदेव दिसतो!"

१९७४ साली, पंधरा ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात, गुरुजींनी पाचवीला इंग्रजी शब्दांच्या शेपट्या शिकवल्या. 'डॉग' म्हणजे कुत्रा, लाडाने 'डॉगी'. 'चाइल्ड' म्हणजे मूल. पण मोठ्या माणसाला 'चाइल्डिश' म्हटले की तो चिडतो. 'सेव्हन' म्हणजे सात, 'सेव्हनिश' म्हणजे साताच्या आसपास.

"म्हंजे आपली वाशीमची यष्टी सेव्हनिश येते!" लीला ओरडली. वर्ग खदखदून हसला.

"बरोबर. शेपटी एवढीशी, पण शब्दाचा मान तिच्या हातात. कधी लाड, कधी हेटाळणी."

पंचफुला हसली नाही. "गुर्जी, माह्या आज्याले लोकं भिव्या म्हन्तात. ते लाडानं हाय का?"

माझ्यावर टेकलेला गुरुजींचा खडू तिथेच थांबला.

शाळेची नवी खोली गावाने श्रमदानातून बांधली होती. पायाचा दगड न् दगड पंचफुलाच्या आजाने, भिवाजींनी, बसवला होता. श्रमदान करणाऱ्यांची नावे झेंडावंदनाला माझ्यावर लिहून वाचायची ठरली. पंचफुलाचे अक्षर वळणदार, म्हणून ते काम तिच्याकडे आले. यादी गावचे मोठे शेतकरी पंजाबराव यांनी पाठवली. पहिल्या सहा नावांना राव होते, सिंग होते. सातवे नाव होते भिव्या. तोंडातून जसे निघे, तसेच ते कागदावर उतरले होते. गावात कुणाला त्यात वावगे वाटत नसे.

पंचफुलाचा बाप देवमन पंजाबरावांकडेच वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार होता. झेंडावंदनाच्या सकाळी तो मुलीच्या कानाशी वाकला.

"जसं हाय तसंच लिही, माय. मालकाले राग आला तं आपन कोनाच्या दारात जाचं?"

शाळेच्या अंगणात पंजाबराव माझ्यासमोर खुर्चीत बसले होते. भिवाजी मागे निंबाखाली, धुतलेले धोतर नेसून उभे होते. सहा नावे झाली. सातव्याचे 'भि' उमटले आणि पंचफुलाचा खडू अडला.

"काहून थांबली वं? यादी दिसून नाई राह्यली का?" पंजाबराव म्हणाले.

देवमनची मान खाली गेली. माझ्या शेजारी खिळ्याला ओले फडके लटकत होते. एक हात फिरला असता तर सारे संपले असते.

मित्रांनो, माझ्यावर लिहिलेले फडक्याने पुसता येते. माणसाच्या कानात गेलेले नाव पुसायला फडके नाही. कुणाला हाक मारताना एवढे जपा.

पंचफुलाने एकदा निंबाकडे पाहिले. मग खडू दाबून तिने ठळक अक्षरांत 'भिवाजी' पुरे केले, गावाकडे तोंड केले, आणि यादी सातव्या नावापासून वाचायला सुरुवात केली.