सेव्ह न झालेलं पान

नाथाजी सुभेदार जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि त्यांचा लॅपटॉप अजून चालूच होता.

त्या दिवशी सकाळपासून ते टाइप करत बसले होते. गावातून फौजेत गेलेल्या एकेकाची हकिगत लिहून काढायचं काम त्यांनी दोन वर्षांपासून धरलं होतं. दुपारी दारात येऊन ते बायकोला, हरणाबाईंना, म्हणाले, "मशीन अडकलंय. सेव्ह केलेलं न्हाई अजून. हात लावू नगंस, मी सलिमाला फोन करतो." फोन हातात घेतला आणि तिथंच कोसळले. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून हरणाबाईंनी त्या खोलीत कुणाला येऊ दिलं नव्हतं. अकराव्या दिवशी कळलं, उद्या दिवसभर लाईट जाणार. बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकायची. मग त्यांनीच सलिमाला बोलावलं.

सलिमा कवठे महांकाळला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. अडुसष्टाव्या वर्षी सुभेदारांना टायपिंग तिनंच शिकवलं होतं. ती आली, टेबलापाशी बसली. माऊस हलवला, बाण हलला नाही. कॅप्स लॉक दाबून बघितलं, दिवा लागला नाही. कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबून तिनं दहा मिनिटं वाट पाहिली. पंखा तेवढा घरघरत होता.

"काकी, हे आता आपणहून उठणार नाही. बटण दाबून धरून बंद करावं लागेल."

"मग ह्यांनी लिवलेलं?"

"आधी सेव्ह झालेलं राहील. त्या दिवशीचं... सांगता येत नाही. थांबा, समोर दिसतंय तेवढ्याचा फोटो काढते."

तिनं मोबाइलवर तीन फोटो काढले. मोठे करून अक्षरं नीट आलीत का ते पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काय हाय त्यात?"

"वीरधवलदादाचं आहे, काकी."

हरणाबाई खाली बसल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा चौदा वर्षांपूर्वी फौजेत असताना बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला होता. त्यानंतर सुभेदारांनी घरात त्याचं नाव काढलं नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

सलिमा हळू वाचू लागली. "...म्हणून भरतीच्या आदल्या दिवशी तो शिराळ्याला मामाकडे निघून गेला. मी जाऊन त्याला परत आणलं. बापासारखं तूही वर्दी घालायची, एवढंच बोललो. वाटेत तो रडला. म्हणाला, जातो मी, पण आईला सांगू नका, तिला वाटू दे मी खुशीनं गेलो. आज मी"

"म्होरं?"

"एवढंच आहे."

हरणाबाईंनी पडद्याकडं बोट केलं. "आन् वर काय आसंल?"

"वरचं पान दिसत नाही, काकी. मशीन चालू झालं तर बघू."

"कर बंद."

सलिमानं बटण दाबून धरलं. आठ-दहा सेकंदांनी पडदा काळा झाला, पंखा थांबला. अर्धा मिनिट जाऊ देऊन तिनं पुन्हा सुरू केलं. मशीन उठलं. फाईल उघडली, ती सुभेदार गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंतची. वीरधवलचं नाव त्यात कुठंच नव्हतं. तिनं सगळीकडं शोधलं, तात्पुरत्या फायलीसुद्धा उघडून पाहिल्या.

"गेलं, काकी. मला माफ करा."

"तुजं काय चुकलं गं?" हरणाबाईंचा आवाज चिरकला. "चौदा वरसं ह्या मानसानं माज्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. मी ज्याला त्याला सांगायची, माजं पोरगं हौसंनं गेलं. आन् हे नुसतं ऐकत बसायचे. आता भांडू तरी कुनाशी?"

सलिमानं त्यांचा हात धरला. हरणाबाई तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. नवऱ्याच्या मागं त्यांच्या डोळ्यांतून एवढे दिवस पाणी आलं नव्हतं.

संध्याकाळी सलिमानं फोटोतल्या ओळी फाईलमध्ये टाइप केल्या. 'आज मी' पाशी ती थांबली. "हे अर्धं वाक्य काढू का?"

"नगं. आसंल तसं ऱ्हाऊ दे."

सलिमानं ते सेव्ह केलं, पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली आणि मशीन रीतसर बंद केलं. दुसऱ्या दिवशी हरणाबाईंनी भावाला फोन लावला. वीरधवल तेव्हा शिराळ्याला आला होता, तर तो काय काय बोलला, ते त्यांना विचारायचं होतं.