द्वारकेच्या वतीने भरलेला फॉर्म

रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात रितिका सात वर्षांपासून फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या हाताला यश होतं, पण मीटिंगमध्ये ती मागच्या खुर्चीवर बसायची आणि चहा संपला की उठायची. मार्चमध्ये मॅनेजमेंटनं सगळ्या स्टाफसाठी एक ट्रेनिंग ठेवलं. जितेंद्र सर म्हणून एक चटपटीत ट्रेनर आले. त्यांनी साठ प्रश्नांचा फॉर्म वाटला आणि माणसांचे सोळा प्रकार सांगितले. रितिकाचा निकाल त्यांनी सगळ्यांसमोर वाचला: एकांतात रमणारी, शब्दाला जागणारी, दुसऱ्याची काळजी वाहणारी.

"छान टाइप आहे," ते म्हणाले. "फक्त पुढे होऊन बोलणं हा तुमचा पिंड नाही, मॅडम. नो प्रॉब्लेम, मागे राहणारेही लागतातच."

सगळे हसले. रितिकाही हसली; पण ते वाक्य दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना.

त्या वेळी तिच्याकडे प्रयागबाई होत्या. नरखेडकडच्या, संत्र्याची बाग असलेल्या, वय अडुसष्ट. खुब्याचं ऑपरेशन झालेलं आणि व्यायामाचा मनस्वी कंटाळा. पंधरा दिवसांपूर्वी रितिकानं एक युक्ती काढली होती: दहा पावलं चाललं की कादंबरीचं एक पान वाचून दाखवायचं. कादंबरी होती द्वारका नावाच्या नावाडणीची. नवरा गेल्यावर वर्धा नदीवर नाव चालवणारी ही बाई. गावच्या पाटलानं फर्मावलं, की साथ आलेल्या पलीकडच्या गावातल्या लोकांना नावेत घ्यायचं नाही. भर पंचायतीत द्वारका एवढंच म्हणाली, "नाव माणूस नाही पाहत, वजन पाहते." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वल्हं घेऊन नेहमीसारखी घाटावर गेली. प्रयागबाई तिच्यावर इतक्या भाळल्या होत्या, की पानासाठी वीस वीस पावलं चालायच्या.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी रितिकाच्या मनात आलं, द्वारकेनं हा फॉर्म भरला असता तर? तिनं एक कोरा फॉर्म आणला.

"आजी, द्वारकेच्या वतीनं तुम्ही सांगा, मी भरते. पहिला प्रश्न. चार माणसांत बसून तिला तरतरी येते, की थकवा?"

"थकवाच येते तिले," प्रयागबाई वॉकर धरून थांबल्या. "बाजारातून आली का ते नदीकाठी एकटीच बसते नाही का? विसरली काय वं तू?"

"बोलायच्या आधी विचार करते, की बोलता बोलता?"

"आधीच. ते एक वाक्य तिनं चार पानं चघळलं होतं."

पुढं एका प्रश्नावर मात्र दोघींचं जमेना. द्वारका डोक्यानं ठरवते की मनानं? रितिका म्हणाली, डोक्यानं. वजन पाहते म्हणजे हिशेबच ना. प्रयागबाईंनी मान हलवली. "हिसाब तिनं पाटलाले दाखवला. तिच्या मनात त्या साथीच्या गावातलं, तापानं फणफणलेलं लेकरू होतं. पाटलाले लेकरू समजलं नसतं, वजन समजलं."

रितिकानं आधी केलेली खूण खोडली. ही कादंबरी तिनं तीनदा वाचली होती, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईला जे दिसलं, ते तिला कधी दिसलं नव्हतं.

साठ प्रश्न तीन दिवसांत संपले. रितिकानं बेरीज केली आणि पुन्हा एकदा केली. द्वारकेचा टाइप तंतोतंत तिचाच आला होता.

"पण आजी, द्वारका माझ्यासारखी कशी असेल? ट्रेनर म्हणतात, अशा लोकांना पुढं होता येत नाही."

"त्याले काय समजते?" प्रयागबाई पलंगावर टेकल्या. "आमच्या बागेत झाडाचं वाण समजलं, म्हंजे पाणी किती लागते ते समजते. फळ किती धरन, ते थोडीच समजते? तुयं पाणी तुले समजलं, झालं."

एप्रिलमध्ये बातमी आली, की तळमजल्यावरचा व्यायामाचा हॉल नव्या मशीनसाठी घेणार आणि फिजिओथेरपी दुसऱ्या मजल्यावर जाणार. लिफ्ट एकच, तीही स्ट्रेचरसाठी अडलेली. कँटीनमध्ये सगळे तावातावानं बोलले; मीटिंगमध्ये मात्र कुणी तोंड उघडलं नाही. विभागप्रमुख वंदना मॅडमसुद्धा फाइलमध्ये बघत राहिल्या. रितिकाही त्या दिवशी गप्पच राहिली. पण तिनं स्वतःला बोल लावला नाही. आपल्याला आधी विचार लागतो, हे आता तिला ठाऊक होतं.

पुढचे बारा दिवस व्यायाम दुसऱ्या मजल्यावर घेऊन पाहायचं ठरलं. रितिका रोज सकाळी अर्धा तास लवकर आली. कोणता पेशंट लिफ्टसाठी किती मिनिटं उभा राहिला, कोण कंटाळून परत गेला, कुणाचा पाय जिन्यात लटपटला, सगळं एका वहीत उतरवलं. पुढच्या मीटिंगला तिनं एक कागद सगळ्यांपुढं ठेवला. 

"बारा दिवसांत एकोणीस पेशंट व्यायाम न करता परत गेले," ती म्हणाली. "हॉल कायमचा वर गेला तर रोज असंच होईल. मशीनला जिना चढावा लागत नाही, सर. पेशंटला लागतो."

 मग डायरेक्टरांनी कागद ओढून घेतला आणि दोन प्रश्न विचारले. रितिकानं दोन्हींची उत्तरं दिली, कारण ती तिला पाठ होती. वंदना मॅडमनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "मी रितिकाशी सहमत आहे." मग अस्थिविभागाचे डॉक्टर बोलले, मग सिस्टर.

मशीन दुसऱ्या मजल्यावर गेलं. प्रयागबाईंना त्याच आठवड्यात सुटी मिळाली. जावई मोटरसायकल घेऊन आला होता, पण त्यांनी ठणकावून सांगितलं, की आपण एसटीनंच जाणार. काठी टेकत त्या एसटीच्या पायऱ्या चढल्या, खिडकीतून रितिकाचा हात धरला आणि म्हणाल्या, "पुस्तकातली द्वारका मी पाह्यली नाही वं पोरी. पण तिच्या जातकुळीची एक पाह्यली."

गाडी हलली तेव्हा रितिका फूटपाथवर उभी होती. रस्त्यावर गर्दी मायंदाळ होती, आणि त्या गर्दीत तिला अजिबात थकवा वाटत नव्हता.