राष्ट्रपतींच्या यजमानांना फोन

“तिसरा गळतोय, आणि सात नंबर आज बाहेर पडणार नाही,” असं तो माणूस फोनवर म्हणाला आणि मी हेडफोन फेकून सरळ मिशीवाल्यांकडे पळाले. पळणारच ना! राष्ट्रपतींच्या बंगल्यावर ऑपरेटर म्हणून माझा नववा दिवस, आणि मिशीवाले म्हणजे सुरक्षेचे मुख्य. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, काही वावगं कानावर पडलं तर लगेच सांगायचं.

“कुणाला मागत होता?” मिशीवाले.

“मामांना.”

“कोण मामा?”

“आपल्या मॅडमचे मिस्टर, साहेब.”

मिशीवाल्यांनी दार लावून घेतलं. “तिसरा कोण? आणि गळतोय म्हणजे, फितूर होतोय का? उद्या फोन आला की शेवटपर्यंत ऐक.”

आता खरी गंमत ऐका. आमच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक फोनपुढे पदनाम लिहावं लागतं, आणि मॅडमच्या मिस्टरांचा रकाना कोरा! राष्ट्रपतींच्या मिस्टरांसाठी पदनाम आजवर ठरलंच नव्हतं ना. पाच जणांची समिती बसलेली. एक म्हणे ‘राष्ट्रपतिपती’, तर ते मोठ्याने वाचताना शिपायाची टेपच अडकली. ‘श्रीमान राष्ट्रपती’ म्हणावं तर लोक त्यांनाच सलाम ठोकतील. स्वतः मॅडमचं बरं होतं. त्या फोन करून सरळ म्हणायच्या, “जरा ह्यांना दे गं.”

दुसऱ्या दिवशी बरोब्बर चारला तोच आवाज. मी श्वास रोखून ऐकतेय.

“गिअर टाकताना आवाज करते की काढताना?” मॅडमचे मिस्टर विचारत होते.

“काढताना, मामा.”

“फोन इंजिनापाशी धर. हं... बास. तिसऱ्या सिलिंडरचं सील गेलंय, गाढवा. कालच बदलायला सांगितलं होतं.”

बस डेपो हो! एकतीस वर्षं मेकॅनिक होते ते तिथे. बायको निवडून आली म्हणून नोकरी सोडावी लागली. मला इतकी लाज वाटली! पण मिशीवाल्यांचं समाधान होईल तर शपथ. “कट करणारे भाषा अशीच साधी वापरतात,” म्हणाले, आणि बसच्या इंजिनाचा नकाशा मागवून घेतला.

संध्याकाळी मिस्टर स्वतः आमच्या खोलीत आले. कडक इस्त्रीचा कोट, आणि नखांत अजून काळं. “पोरी, ऐकतेस ते कळतं मला. ऐक खुशाल. पण चारचा फोन तोडू नकोस हं. इथे दिवसभर सगळे मला खुर्ची देतात. विचारत कुणी काही नाही.”

मी म्हटलं, नाही तोडणार.

आणि सोमवारी परिपत्रक आलं. पदनाम ठरलं: माननीय प्रथम सहचर. फोन करणाऱ्याची ओळख पटवून, पदनाम उच्चारूनच जोडायचं. मिशीवाले माझ्या पाठीमागे उभे.

चार वाजले.

“मामा आहे का?”

“माननीय प्रथम सहचर महोदयांशी बोलायचंय का?”

“कुणाशी?”

“आपलं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर सांगा.”

मग हळूच, “चौकशी लागलीय का आमच्यावर?”

“नाही हो, नियम आहे नुसता...”

“चुकून लागला, ताई.” खट्ट.

त्यानंतर चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी मिस्टरच खाली आले. “लावून दे डेपो.”

लावला. मिशीवाल्यांनी डोळे वटारले म्हणून म्हणावं लागलं, “माननीय प्रथम सहचर बोलत आहेत.” आणि रिसीव्हर मिस्टरांच्या हातात दिला. माझ्या कानाला हेडफोन होताच.

“नमस्कार साहेब!”

“साहेब काय रे? मी आहे. सात नंबर कशी आहे?”

“उत्तम आहे साहेब. सगळ्या गाड्या उत्तम आहेत. कसलीच तक्रार नाही.”

आणि त्याच्या मागे एक बस अशी खडखडत होती, अशी कण्हत होती, की जिला फोनपलीकडे काही कळत नाही, त्या माझ्याही दातांत कळ गेली.

“मागे कुठली गाडी आहे?”

“गाडी? गाडी नाही साहेब. काही नाही.”

ते डोळे मिटून ऐकत राहिले. तिकडचा “ठेवू का साहेब?” असं दोनदा म्हणाला आणि मग घाबरत घाबरत त्याने फोन ठेवला.

त्यांनी रिसीव्हर अलगद जागेवर ठेवला. माझ्यासमोरचं स्टूल ओढून बसले. आणि त्या गाडीचं काय बिघडलंय, आधी काय खोलायचं, कुठला बोल्ट उलटा फिरतो, ते मला सावकाश समजावून सांगायला लागले.