हाकेआधी ओ

चष्म्याच्या दुकानात बोलावं फार कमी लागतं. बाबांनी बहुधा म्हणूनच तो धंदा धरला असावा. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, मग दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे? की हे?" बाकीचं बोलणं गिऱ्हाईकच करतं. भिंतीवरची अक्षरं तेच वाचतं, चुकतंही तेच, आणि "इतकं बारीक कोण मेला छापतो!" म्हणून वैतागतंही तेच. 'हे' हा शब्द बाबांना कधी अडला नाही. दुसरे पुष्कळ अडायचे. त्यातला 'स' तर फारच. आत यावं की परत फिरावं अशा विचारात पाहुणा उंबऱ्यावर घुटमळतो ना, तसा तो जिभेच्या टोकावर घुटमळायचा.

मग लेक कशाला होती? दुकानातल्या उंच स्टुलावर बसून ती लहानाची मोठी झाली आणि बोलायला लागल्यापासून बाबांची अर्धी राहिलेली वाक्यं पुरी करत आली.

"उ... उ..." बाबा म्हणायचे.

"उद्या मिळेल काका, संध्याकाळी या!"

"दां... दां..."

"दांडी सैल झालीय, घट्ट करून देतो म्हणतायत."

बाबा मान हलवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "पोरगी चुणचुणीत आहे हो तुमची!" बाबा काचा पुसता पुसता हसायचे. तो मऊ फडका हातात घेऊन ते काचा पुसायला लागले की एखाद्या नेमाला बसल्यासारखे दिसायचे. त्यांच्या मनात काय चाललंय हे विचारायची कुणाला गरजच पडत नसे. लेक होती ना सांगायला.

हा चुणचुणीतपणा घेऊन ती विद्यापीठात गेली आणि दुसऱ्याच वर्षी तोंडावर आपटली.

विषयाचं नाव होतं 'रेषीय प्रणाली आणि संकेत विश्लेषण'. नाव वाचूनच अर्ध्या वर्गाला घाम फुटला होता. शिकवायला होत्या चौकोनबाई. खरं नाव वेळापत्रकात असेल, पण पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर मोठा चौकोन काढला, दुसऱ्या तासाला दोन काढले, आणि मुलांनी त्यांचं बारसं करून टाकलं.

"हा चौकोन म्हणजे काहीही असू शकतं," खडू झाडत त्या म्हणाल्या होत्या. "रेडिओ, पूल, कान. एक बाण आत जातो, एक बाहेर येतो. आत काय गेलं आणि बाहेर काय आलं एवढं मला सांगा, मी तुम्हाला चौकोनाचा स्वभाव सांगते."

मग त्यांनी एकदम जोरात टाळी वाजवली. मागच्या बाकावरचा एकजण दचकून जागा झाला. टाळी संपली, पण खोलीत ती क्षणभर घुमत राहिली.

"ऐकलंत? मी हाक मारली, खोलीने ओ दिली. दुप्पट जोरात वाजवली तर ओ दुप्पट येईल. दोघांनी वाजवली तर दोघांच्या ओंची बेरीज येईल. हा झाला रेषीय स्वभाव. आज वाजवा, उद्या वाजवा, ओ तशीच. इतकं सरळ वागणारं माणूस मला अजून घरात भेटलेलं नाही, म्हणून माझा खोल्यांवर जीव." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "आता नीट ऐका. खोली कधीही आधी ओ देत नाही. आधी हाक, मग ओ. अशा प्रणालीला म्हणायचं कारणनिष्ठ. आणि जी प्रणाली हाक यायच्या..."

"हाक यायच्या आधीच ओ देते ती कारणनिष्ठ नाही!" लेक ओरडली.

बाईंनी चष्मा खाली सरकवून तिच्याकडे पाहिलं. "बरोबर. उदाहरण तर आपल्या वर्गातच बसलंय."

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव 'ओ' पडलं. जिन्यात कुणी हाक मारायचं, "ए ओ!" तिच्या तोंडून निघायचं, "ओ?" आणि सगळे खिदळायचे, "दिली बघ, दिली!" तीही हसायची. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

हसू आटलं ते तोंडी परीक्षेत. त्या विषयात तोंडी परीक्षा पार पडल्याशिवाय सुटका नव्हती, आणि विषय सुटल्याशिवाय पुढच्या वर्षात पाय ठेवता येत नव्हता. बाईंची खोली अरुंद होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक छोटा फळा. बाईंनी फळ्यावर लिहिलं: बाहेर येणारं म्हणजे आत गेलेल्याची दुप्पट, अधिक तीन.

"याचा आलेख काढला तर सरळ रेषा येते..." बाईंनी सुरुवात केली.

"म्हणून ही प्रणाली रेषीय आहे!" ती म्हणाली.

बाई थांबल्या. खडू टेबलावर ठेवला. "माझं वाक्य होतं, 'याचा आलेख काढला तर सरळ रेषा येते, तरीही ही प्रणाली रेषीय का नाही?'"

तिचे कान लाल झाले.

"आत काहीच घातलं नाही, तर बाहेर काय येईल?"

"ती... तीन."

"काही न विचारता तीन! रेषीय प्रणालीत शून्य घातलं की शून्य यायला हवं. हिच्या पोटात आधीच तीन बसलंय." बाईंचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुझ्याही पोटात तीन बसलंय, पोरी. अभ्यास केलेला दिसतोय. पण प्रश्नातच अर्धं उत्तर होतं आणि ते ऐकायला तू थांबली नाहीस. अशी कशी पास करू?"

तिला रडू येत होतं, पण तेही थोडं आधीच येतंय असं वाटून तिने ते गिळलं.

"पुढच्या आठवड्यात परत ये," बाई म्हणाल्या. "तोवर एकच अभ्यास. घरी जास्तीत जास्त कुणाशी बोलतेस?"

"बाबांशी."

"मग त्यांच्यावरच कर. त्यांचं वाक्य संपलं की मनात एक टाळी वाजव. ती विरली की तोंड उघड. आधी उघडलंस तर नापास."

घरी येताना तिला हसूच आलं. बाबांचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं? बाईंना काय ठाऊक, ते कधी संपतं ते. आजवर ती थांबली असती तर दुकान कधीच बंद झालं असतं. पण पुढचं वर्ष हातचं जायची वेळ आली होती. तिने मनाशी नेम धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ घट्ट मिटून चहा केला.

त्यांच्या घरच्या सकाळी ठरलेल्या होत्या. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, त्यामुळे तिची निघायची घाई. लेक पिशवी खांद्याला लावून चहा गाळायची. बाबा स्वयंपाकघराच्या दारात यायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "सा... सा..." ती म्हणायची, "साखर? टाकली, टाकली!" आणि त्यांच्या कपात आणखी एक चमचा उपडा करून, धाडधाड जिना उतरून पसार व्हायची. शाळेपासून हे असंच चाललेलं.

आजही बाबा दारात आले. "सा... सा..."

तिने चमचा साखरेच्या डब्यावर धरला आणि गप्प राहिली.

बाबाही थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं की ते तिच्या बोलण्याची वाट बघतायत. 'सा'च्या पुढे त्यांना जावंच लागलं नव्हतं इतकी वर्षं. 'सा'पाशी लेक यायची आणि पुढची वाट तीच चालायची. आता दोघं समोरासमोर उभी, आणि चहावर साय धरायला लागलेली. तिची जीभ आत नुसती तडफडत होती. साखर, साखर, साखर. तिने दात घट्ट आवळले.

"सा..." बाबांनी पुन्हा उचल घेतली. कपाळावर शीर दिसायला लागली. "सा... सा... सावकाश."

तिने मनात टाळी वाजवली. ती विरली.

"काय म्हणालात?"

"सावकाश जा. जि... जिन्याला क... कठडा नाही शेवटच्या वळणाला. तू धा... धाडधाड उतरतेस."

ती चमचा हातात धरून तशीच उभी. "म्हणजे रोज तुम्ही..."

"रोज."

"आणि साखर?"

बाबांनी कपाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी आलं. "तू इ... इतक्या प्रेमानं टाकायचीस..."

मागून आई खो खो हसायला लागली. एक पाय चपलेत आणि एक हात भिंतीला. "अगं, मला वाटायचं तो तुम्हा बापलेकीचा खेळच आहे! हे सावकाश म्हणतात आणि तू चेष्टेने साखर टाकतेस!"

"आई, तुला कळायचं?"

"न कळायला काय झालं? मी त्यांच्या डोळ्यांकडे बघते. तू कपाकडे बघतेस."

लेकीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. इतकी वर्षं बाबा तिला सांभाळून जा म्हणत होते आणि ती त्यांना पाक पाजत होती! त्या सकाळी ती जिना सावकाश उतरली. शेवटच्या वळणाला खरंच कठडा नव्हता. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी दुकानात तिने स्टूल जरा मागे ओढलं. गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारेबुवा आले होते, नव्या चष्म्याने डोकं दुखतं म्हणत होते. बाबांनी त्यांना बसवलं, काचा बदलून पाहिल्या. मग म्हणाले, "उ... उ..."

तिने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"उ... उजवा डोळा प... परत बघू. मा... माझंच काहीतरी चुकलंय."

उद्या नव्हे, उजवा. म्हातारेबुवा तोवर शांतपणे मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना कुठलीच घाई नव्हती. "बघा, बघा," ते म्हणाले. "मला काय, घरी जाऊन सुनेची बोलणीच खायचीत." बाबा हसले आणि त्यांनी उजव्या डोळ्याची काच बदलली. किती जणांना आपण उगाच 'उद्या या' म्हणून परत पाठवलं असेल, हे तिच्या मनात आलं आणि अंगावर काटा आला. दुकान बंद करताना तिने विचारलं, "बाबा, मी मधे बोलते तेव्हा राग नाही यायचा?"

बाबांनी बराच वेळ घेतला. ती थांबली.

"ना... नाही. एकटं नाही वा... वाटायचं." मग त्यांनी कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. "पण आ... आज जास्त बरं वाटलं."

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्या अरुंद खोलीत बसली. बाईंनी फळा पुसला, खुर्ची ओढली, आणि प्रश्न सुरू केला.

"एक प्रणाली आहे. ती या क्षणाचं उत्तर काढायला संकेताची, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची, पुढच्या क्षणाची किंमत वापरते..."

आणि बाईंनी पाण्याचा पेला उचलला. सावकाश एक घोट घेतला. दुसरा घेतला. पेल्यावरून त्यांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते.

कारणनिष्ठ नाही, कारणनिष्ठ नाही! ते तिच्या ओठांच्या आतून धडका देत होतं. तिला दारात उभे असलेले बाबा दिसले, कपाळावरच्या शिरेसह. तिने ओठ मिटले.

"...म्हणजे ती कारणनिष्ठ नाही," पेला ठेवत बाई म्हणाल्या. "हाकेआधी ओ. तरीही अशा प्रणाली आपण रोज वापरतो. कुठे वापरतो, आणि ते जमतं कसं?"

तिने मनात टाळी वाजवली. ती विरेपर्यंत थांबली. त्या शांततेत तिला जाणवलं की उत्तर तिला ठाऊक आहे, आणि ते पुस्तकातल्यापेक्षा जवळचं आहे.

"जे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलंय त्याच्यावर, बाई. म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर काढताना. ते सगळं आपल्या हातात असतं, म्हणून प्रत्येक जागी पुढचंही बघता येतं." ती अडखळली, पण थांबली नाही. "म्हणजे पुढचं वापरायचं असेल, तर आधी एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं."

बाई काही क्षण काहीच बोलल्या नाहीत. ही त्यांची टाळी असावी. मग त्यांनी कागदावर खूण केली. "जा. पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर भेटू. आणि पोटातलं तीन?"

"अजून आहे, बाई. पण आता थोडं दम धरतं."

"तेवढंच पुष्कळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा केला आणि बाबांच्या कपात साखर टाकलीच नाही. मोठ्या अभिमानाने कप पुढे केला. बाबांनी एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. तिच्याकडे पाहिलं.

"सा... सा..."

ती हसली, पण बोलली नाही. पिशवी खांद्यावर, एक पाय जिन्याकडे, आणि ती थांबून राहिली.

"सा... साखर," बाबा म्हणाले. "स... सवय लावलीस."