रुगायाचा लांबलेला सजदा

झवियाच्या गुडघ्याने कधीचाच राजीनामा दिला होता, आणि सरकारी रुग्णालयाने एकदाची ऑपरेशनची तारीख दिली होती. ती घ्यायची की खासगीत जायचं, हे उद्या कळवायचं होतं. तिला काही धावायचं नव्हतं. खुर्ची सोडून, जमिनीवर कपाळ टेकून पुन्हा नमाज पढता यावी, एवढीच इच्छा होती.

सल्ला द्यायला दोन थोरल्या बहिणी होत्या, दोघींचे गुडघे बदललेले. मलेशियात, केदाहमधल्या त्यांच्या गावात लग्नघरी कांदे सोलायला सगळ्या बायका जमतात, आणि कांद्यासोबत माणसंही सोलतात. त्या दिवशी पाळी या गुडघ्यांची होती. सरकारी गुडघ्याची मेरियाम चटईवर फतकल मारून बसली होती. खासगी गुडघ्याची रुगाया गादीच्या खुर्चीवर विराजमान होती.

"आमच्या वॉर्डात पंखा एक आणि त्याच्याखाली झोपायला भांडणं," मेरियाम म्हणाली. "व्यायाम घेणारी पोरगी तर कैदाशीण. म्हणायची, मावशी, रडायचं तेवढं रडा, पण वाकवा."

"माझ्या खोलीत सोफा होता," रुगाया म्हणाली. "सकाळी विचारायचे, मॅडम, नासी लमाक भात की ऑम्लेट? दुखतंय म्हटलं की व्यायाम लगेच बंद. पाहुण्याला त्रास म्हणून द्यायचा नाही."

"मग वाकतो किती?" कोणीतरी विचारलं.

रुगायाने सोफ्याचा रंग सांगितला.

"आणि डॉक्टर कोण होते गं?" झवियाने विचारलं. दोघींनी एकच नाव घेतलं. तो आठवडाभर सरकारी असे आणि शनिवारी खासगी.

"शनिवारी त्याचा हात जास्त बसतो," रुगाया ठामपणे म्हणाली.

बायका हसल्या आणि रुगायाला ते झोंबलं. अस्रच्या, दुपारनंतरच्या नमाजेला सगळ्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या, तेव्हा झवियाशेजारी आपल्यासाठी मांडलेली खुर्ची रुगायाने पायाने सरकवली. कपाळ टेकायची, सजद्याची वेळ आली तशी ती ऑपरेशनचा पाय मागे तिरका टाकून थेट जमिनीवर गेली. बाकीच्या उठल्या. रुगाया उठली नाही. पुढच्या रकातीच्या फेरीलाही नाही, शेवटच्या सलामालाही नाही.

"काय ही भक्ती," नवरीची आजी भारावून कुजबुजली. "खासगीचा गुडघा, बाई. आपल्याला कुठला जमायला?"

तिचं ध्यान मोडू नये म्हणून खुर्चीतली झविया सोडून सगळ्या चवड्यांवर बाहेर गेल्या.

"गेल्या का?" जमिनीतून आवाज आला.

"गेल्या, ताई."

"मग मेरियामला बोलाव. तुला मी झेपायची नाही."

मेरियाम आली, सरकारी गुडघा मुडपून खाली बसली, बहिणीला काखेत धरून तिने उचललं आणि ती चहा आणायला गेली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं झवियाला वाटलं.

रुगायाने डोळे पुसले. "तारीख घे," ती म्हणाली. "नाहीतर खासगीत जा, कुठेही जा. पण नंतर मेरियामकडे राहा. ती आणि तिचा नवरा तुला रोज शिव्या घालून चालवतील. माझ्या मुलाने क्वालालंपूरहून नर्स पाठवली. ती बिचारी माझ्या शब्दाबाहेर नव्हती."

"मग तू का नाही गेलीस मेरियामकडे?"

"ती न्यायला आली होती, गाडी घेऊन," रुगाया म्हणाली. "मी म्हटलं, तुझ्या घरात एसी नाही."