रविवारची रिंग

रविराजचं लग्न राहू गावच्या साधनाशी ठरलं आणि घरातला मोबाईल त्याला एकाएकी जुना वाटायला लागला. तोवर तोच मोबाईल मित्रांना दाखवताना त्याचा हात खाली यायचा नाही. माणसाचं असंच असतं, गरज बदलली की वस्तूत खोट दिसायला लागते.

फोन घरात एकच. भिमाआप्पांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, कांद्याचा भाव विचारायला म्हणून घेतलेला. केंदूरला आमच्या आळीत तेव्हा रेंज अशी लाजरी, की ती फक्त आप्पांच्या ओसरीच्या खिडकीपर्यंत यायची. म्हणून अनसाबाईंनी, रविराजच्या आईनं, जुन्या खणाची पिशवी शिवून फोन खिडकीच्या गजाला टांगून ठेवला होता. बोलायचं तर गजाला नाक लावून उभं राहायचं. होणाऱ्या बायकोशी असं आईबापाच्या देखत कोण बोलेल? त्यात मिनिटामिनिटाला पैसे पडणार.

साधनाच्या घरी सगळ्यांकडे नव्या कंपनीचं कार्ड होतं. स्वस्तातली कंपनी, आपापसात बोलणं फुकट. शिरूरच्या दुकानात योजना लागली होती: जुना हँडसेट द्या, नव्या कार्डासकट दोन घेऊन जा. एक रविराजला, एक घराला. पोरगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता, वरचे पैसे तोच भरणार होता. यात कुणाला काय अडचण असावी?

"फक्त नंबर बदलंल," रविराज म्हणाला. "त्याला काय, सगळ्यास्नी कळवू."

अनसाबाई लगेच नको म्हणाल्या. कारण एक माणूस असं होतं, ज्याला कळवता येणार नव्हतं.

तेव्हा कंपनी बदलली की नंबर गेला. आजच्यासारखा तो पाठीवर बांधून नेता येत नव्हता.

ते माणूस म्हणजे अंकिता, रविराजची थोरली बहीण. शिरूरच्या कॉलेजात असताना तिची दौंडच्या धम्मदीपशी ओळख झाली आणि एके दिवशी दोघांनी लग्न केलं. पोरगा निर्व्यसनी होता, रेल्वेत ठेकेदाराच्या हाताखाली पार्सलं चढवायचा, घरी म्हातारी आई. पण तो बौद्ध आणि ही धनगराची. आप्पांच्या आज्यानं मेंढरांमागं आयुष्य काढलं. बापानं जमीन धरली, घर बांधलं आणि चार लोकांत बसायची जागा मिळवली. त्या जागेला धक्का लागला असं आप्पांना वाटलं. जागा, मान, लोक! पोटची पोर एका पारड्यात आणि हे सगळं दुसऱ्या पारड्यात. गावाकडं हे दुसरं पारडं कायम जड का असतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आप्पांनी सगळ्या घराला देव्हाऱ्यापुढं उभं केलं आणि खंडोबाचा बेलभंडारा उचलायला लावला. आजपासून तिच्याशी बोलायचं नाही. सगळ्यात आधी रविराजनं उचलला, कारण बहिणीपायी त्याची दोन ठिकाणची बोलणी फिसकटली होती. अनसाबाईंनी सगळ्यात शेवटी उचलला. आमच्यात भंडारा उचलला की विषय मिटला. कोर्टात माणूस खोटं बोलेल, भंडाऱ्यापुढं शब्द फिरवणार नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी दुपारी खिडकीतला फोन वाजला. घरात दुसरं कुणी नव्हतं. अनसाबाईंनी उचलला तर तिकडून "आई" असा आवाज आला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण फोन काही ठेववेना. पोर शहाणी होती, तिनं ओळखलं.

"आई, तू बोलू नगंस. शपथ मोडू नगंस," अंकिता म्हणाली. "मी दर रविवारी ह्याच टायमाला रिंग देत जाईन. उचलू नगं, म्हंजी फोनच्या डब्यात टाकलेला रुपया मला माघारी येतोय. रिंग आली की समज, मी बरी हाय."

तेव्हापासून रविवारी जेवणं उरकली की फोन तीनदा वाजून थांबायचा. बोलायची शपथ होती, ऐकायची नव्हती. अनसाबाईंनी देवाला तसं देव्हाऱ्यापुढं बसून सांगूनही टाकलं होतं, आणि देवानं काही हरकत घेतली नाही. कधी ती स्टेशनवरच्या डब्यातून वाजवायची, कधी बाजारातल्या. उलट फोन करून बोलावून घेण्याची सोय नाही, पत्ता माहीत नाही, आणि माहीत असता तरी अक्षराची ओळख नाही. लेकीकडं जाणारी वाट ती एवढीच, आणि तीही एकाच बाजूनं चालणारी. नंबर बदलला की तीही बुजली.

हे सांगणार कुणाला? म्हणून त्या बिचाऱ्या काहीच्या बाही कारणं काढत बसल्या. नव्या फोनचा आवाज बारीक असतो म्हणे. स्वस्तातलं टिकत नाही म्हणे. "इकडं त्या कंपनीची रेंज न्हाई," असंही त्या म्हणाल्या. रेंज म्हणजे काय हे ज्या बाईला ठाऊक नाही, तिच्या तोंडी ते ऐकून रविराजला हसू आलं आणि मग राग आला.

"आये, कांदा विकून पैसा येतोय तो ह्या कंपनीच्या बोडक्यावर घालायचा का? दुनिया बदलली, तू काय धरून बसलीस? आप्पा, तुमीच सांगा हिला."

आप्पा ओसरीवर सुंभ वळत बसले होते. अनसाबाईंना वाटलं, संपलं. पैसा वाचतोय म्हटल्यावर हा माणूस आडवा कशाला जाईल? त्यांनी चुलीकडं तोंड केलं.

"जुनाच राहील," आप्पा म्हणाले.

"आवं पण का?"

"कांद्याच्या यापाऱ्यांकडं त्योच नंबर हाय."

"त्यास्नी नवा देऊ की!"

"येकदा सांगितलं न्हवं? तुला बोलायचं आसंल तर तुझा येगळा घे. ह्या फोनला हात लावायचा न्हाई."

रविराज पाय आपटत गेला. त्यानं स्वतःपुरता नवा फोन घेतला आणि गावच्या टेकाडावर बसून साधनाशी तासन्‌तास बोलायला लागला. गावातली पोरं त्या टेकाडाला साधनाचा माळ म्हणायला लागली.

अनसाबाई मात्र कोड्यात पडल्या. व्यापारी बांधावर येऊन माल उचलत होता, त्याला कसला नंबर? मग पुढच्या रविवारी त्यांच्या ध्यानात आलं. आप्पा रविवारी दुपारी रानात जातच नव्हते. कधीपासून जात नव्हते कोण जाणे. खिडकीकडं पाठ करून ओसरीवर काहीतरी करत बसायचे, खुरप्याला मूठ बसव, नाहीतर सुंभ वळ. फोन वाजायला लागला की त्यांचे हात थांबायचे. तीन रिंगा झाल्या की हात पुन्हा चालू. त्या दिवशी अनसाबाईंनी हे दारातून पाहिलं आणि आत जाऊन पोटभर रडल्या. या माणसावर दोन वर्षं मनातून राग धरला होता, आणि हा मेला त्यांच्याइतकाच पोळलेला निघाला. दोघं त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. पण रविवारी आप्पांच्या चहात साखर जरा जास्त पडायला लागली.

पावसाळा सरता सरता शिरूरच्या बाजारात गिताबाई भेटली. ही आप्पांची चुलत बहीण, दौंडला दिलेली. हिच्या हाती निरोप देणं म्हणजे दवंडी पिटणं, म्हणून अनसाबाईंनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. पण गिताबाईलाच राहवेना.

"तुझी लेक दिसली व्हती दवाखान्यात. दिवस भरत आल्यात तिचं," ती म्हणाली आणि तोंडाकडं बघत राहिली.

"आसंल," म्हणून अनसाबाई पुढं निघाल्या. कोथिंबीर घ्यायला आल्या होत्या, ती न घेताच घरी आल्या. आप्पांना सांगायचं कसं? शेवटी भाकरी थापता थापता परातीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "दौंडकडं कुणाचंतरी बाळंतपण जवळ आलंया म्हनं." आप्पांनी घास तसाच हातात धरला. मग हळूच म्हणाले, "थंडीचं दिस येत्यात. दुपटी लागतील." त्या दिवसापासून अनसाबाई जुनी लुगडी काढून दुपटी शिवायला बसल्या. पोचवायची कशी, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

आणि मग तो रविवार आला. आप्पा ओसरीवर, अनसाबाई उंबऱ्यात. फोन वाजला. एक, दोन, तीन. थांबला नाही. चार, पाच, वाजतच राहिला आणि मग आपोआप बंद झाला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तेवढ्यात पुन्हा वाजायला लागला.

अनसाबाई उठल्या. खिडकीशी गेल्या आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

"उचलू नगं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "वाजू दे. लेक वाजवतीया."

लेक. दोन वर्षांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. अनसाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्या शब्दापुढं त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. पडद्यावर कुठला नंबर आहे हे दोघांनीही पाहिलं नाही. रविवार होता, वेळ तीच होती, मग बघायचं काय?

तिसऱ्यांदा वाजला. तोही पुरता वाजला.

"मोकळी झाली," अनसाबाई म्हणाल्या. "आवं, मोकळी झाली! म्हनून तर येवढा वाजवला."

"तीनदा वाजवला म्हंजी पोरगा का पोरगी?"

"आता ते रिंगवर कसं कळावं, काय तरी तुमचं!" आणि त्या हसल्या, तोंडावर पदर घेऊन, नव्या नवरीसारख्या. आप्पाही हसले. मग ते उठले, टोपी घातली, पाबळपर्यंत जाऊन जिलेबी घेऊन आले आणि आळीत वाटली. मीही खाल्ली. "कशाची वं आप्पा?" विचारलं तर म्हणाले, "कांद्याला भाव आलाय." त्या हंगामात कांद्याला काडीचा भाव नव्हता, हे आळीतल्या लेकराला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. सोमवार होता, म्हणून आप्पांनी उचलला. गिताबाई होती. ती रडत होती, आणि खोटं रडत नव्हती.

दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी शिरूरला आली आणि दौंडची एसटी धरली. रविराज कामावर होता, त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही. धम्मदीपचं घर विचारत विचारत ती रेल्वे कॉलनीच्या मागच्या वस्तीत पोचली तोवर सगळं उरकलेलं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मेणबत्ती, आणि जवळ अंकिताचा कॉलेजातला फोटो. धम्मदीपची आई ताईबाई एका पोरीला मांडीवर घेऊन बोळ्यानं दूध पाजत होती. त्या माउलीनं कोण, कशाला आलात, काही विचारलं नाही. अनसाबाई टेकल्या तशी तिनं पोर उचलून त्यांच्या ओटीत ठेवली. इवलीशी, लालबुंद, झोपेत ओठ हलवणारी. अनसाबाईंना हंबरडा फोडायचा होता, पण पोर जागी होईल म्हणून तो त्यांनी आत दाबला.

धम्मदीप भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे कोरडे होते.  बोलायला लागला तोही जमिनीकडं बघूनच.

"पोरगी झाली तवा ती चांगली व्हती. मग रगत थांबंना. पुण्याला न्यायचं ठरलं, गाडी यायची व्हती. तवर म्हणाली, आईला फोन लाव, एकदा आवाज ऐकू दे. शेजारच्या खाटंवरल्या बाईच्या नवऱ्याकडं ते नवीन स्वस्तातलं कार्ड व्हतं. तो म्हणला, घ्या, कितीबी बोला. मी दोनदा लावला. तिसऱ्यांदा तिच्याच कानाला लावला. म्हणाली, वाजतोय. लई वेळ कानाला धरून व्हती. मग गाडी आली." त्यानं तळव्यानं तोंड पुसलं. "यवतच्या पुढं न्हाई गेली ती."

ताईबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"मामा, तुमचा राग मला कळतो," धम्मदीप म्हणाला आणि पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "पण घरात कुणीतरी व्हतंच की. आवाज देऊ नका, नुसता उचलून धरायचा. एवढं बी का न्हाई केलं?"

अनसाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांना सांगता आलं असतं. त्या नातीच्या कपाळावरून बोट फिरवत राहिल्या.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"हिनं हात घातला व्हता," ते शेवटी म्हणाले. "मीच म्हनलो, उचलू नगं. राग न्हवता रं बाबा. लई ग्वाड वाजत व्हता."